शिबिरातली अक्षय तृतीया

अविनाशला सैन्याचं वेड लहानपणापासून, पण सैन्यात जायचा योग काही आला नाही. छाती भरली नाही, डोळ्यांना चष्मा लागला, आणि पुढे बेलापूरच्या एका कचेरीत नोकरी लागली ती आजतागायत. वेड मात्र गेलं नाही. त्यातही साधं सैन्य नाही, त्याला पॅरा कमांडोंचं वेड होतं. पाठीवर ओझं घेऊन झोपेविना, अन्नाविना चालत राहणारी, चिखलातून सरपटत जाणारी ती माणसं तो मोबाइलवर तासन्‌तास बघत बसायचा. निवडीत कोण टिकलं, कोण गळलं, कुणाच्या पायांची सालटी निघाली तरी तो थांबला नाही, हे सगळं तो घरी जेवताना सांगायचा. दुसऱ्यांच्या घरी क्रिकेटच्या गप्पा होतात, त्याच्या घरी या व्हायच्या.

त्याची बायको रमा हे हसून ऐकून घ्यायची. आजारी पडली तेव्हाही तिनं ऐकून घेतलं. केमोच्या दिवसांत तिला उठवत नसे, तेव्हा अविनाश पलंगाशी बसून सांगायचा की कमांडोचं शरीर दमतं पण मन दमत नाही, सगळा खेळ मनाचा असतो. एकदा रमा म्हणाली, "अहो, मला विमानातून उडी नाही मारायची. मला मऊ भात हवाय, तेवढा आणा." तो हसला, भात घेऊन आला, आणि भरवता भरवता पुन्हा तेच सांगायला लागला. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. त्या गोष्टींच्या आधारावरच तो स्वतः उभा होता, हेही खरं.

शेवटी शेवटी रमाच्या तोंडाला सारखी कोरड पडायची. पेला ओठाला लावला की ठसका लागायचा. मग त्यांची मुलगी आभा चमच्यानं पाणी पाजायची. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी ते काम. गेल्या वर्षी होळीच्या सुमाराला रमा गेली. अविनाश रडला नाही. आभा रडायला लागली तेव्हा त्यानं तिला जवळ घेतलं आणि कानात म्हणाला, "तू माझी कमांडो ना? कमांडो रडतात का?" पोरीनं हुंदका गिळला. भेटायला आलेले लोक म्हणाले, पोर किती समजूतदार आहे. अविनाशला त्याही दिवशी त्याचा अभिमान वाटला.

त्यानंतर वर्ष गेलं. नवीन पनवेलच्या त्या फ्लॅटमध्ये दोघंच. वर्षश्राद्ध झालं, आभाची सातवीची परीक्षा झाली. सुट्टी लागल्यावर ती गॅलरीत आईची जुनी ओढणी गुंडाळून बसायची. बोलायची कमी, खायची त्याहून कमी. दुसऱ्या कुणाला त्यात दुःख दिसलं असतं. अविनाशला ढिलाई दिसली. मुलगी मऊ पडतेय, वेळीच कणखर केली पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं.

अशात सोसायटीच्या फलकावर एक कागद लागला. नेऱ्याच्या पुढे, गाढी नदीकाठच्या एका शेतावर मुलांसाठी उन्हाळी कमांडो शिबिर. चालवणारा हरेश घरत, मूळचा गव्हाणचा, पॅरा कमांडो म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला. आता असली शिबिरं गल्लोगल्ली निघाली आहेत, पण इथे शिकवणारा खरा कमांडो होता. अविनाशनं संध्याकाळच्या आत नाव घातलं. आभाला विचारलं नाही. सांगितलं.

रमाच्या धाकट्या बहिणीनं, खारघरच्या अनुयानं, त्याला आधीच एक गोष्ट बोलून ठेवली होती. वर्षश्राद्ध झाल्यावरची ही पहिली अक्षय तृतीया. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरून दान करतात. पाण्यात वाळा घालायचा, वर आंबा ठेवायचा. ती घागर आभाच्या हातानं भरू या, असं अनुयाचं म्हणणं होतं, आणि आभालाही तिनं ते सांगितलं होतं. अक्षय तृतीया शिबिराच्या दिवसांत येतेय, हे नाव घालताना अविनाशच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं. त्याला वाटलं, बरंच झालं. घरात पुन्हा रडारड नको.

आभाला सोडायला तो गेला तेव्हा हरेश घरत पहिल्यांदा भेटला. माणूस दिसायला अगदी साधा. बुटका, केस पिकलेले, पायात रबरी चपला. अविनाश त्याच्यापुढे जवळजवळ सावधान उभा राहिला. त्याला विचारायचं होतं पुष्कळ. हरेशला मात्र माहिती हवी होती ती आभाची. पोहता येतं का, कशाची ॲलर्जी आहे का, अंधाराची भीती वाटते का. न राहवून अविनाशनं विचारलंच, तुमच्या वेळी निवडीत किती जण टिकले होते? "टिकले थोडे," हरेश म्हणाला, आणि पोरगी रात्री दूध पिते का, ते विचारायला लागला. त्याची बायको अंकिता शिबिराचा स्वयंपाक बघायची. तीही तिथेच भाजी निवडत बसली होती.

निघताना अविनाश म्हणाला, "सर, हिला जरा जास्तच ताणा. आई नाहीये तिला. जग काही हिच्यासाठी थांबणार नाही."

आभा खांद्याला पिशवी लावून शेजारीच उभी होती. अंकितानं मान वर करून आधी पोरीकडे आणि मग बापाकडे पाहिलं.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी दुपारी त्याला कचेरीत फोन आला. आभा होती. मुलांना घरी फोन करायची मुभा होती, पण आभानं तोवर एकदाही केला नव्हता. ती म्हणाली, "बाबा, उद्या मला घरी यायचंय. फक्त सकाळपुरतं. आईची घागर भरायचीय. मग मी परत येईन."

अविनाश कचेरीच्या जिन्यात आला. त्यानं आवाज मायेचा ठेवला. मोहीम अर्ध्यावर टाकून कमांडो घरी जातो का, असं त्यानं तिला विचारलं. आईला हेच आवडलं असतं की तू टिकून राहिलीस, असंही म्हणाला. रमाला काय आवडलं असतं याची त्याला काडीची कल्पना नव्हती. पण गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं.

 पलीकडून "बरं," असं ऐकू आलं आणि फोन हरेशच्या हातात गेला.

"साहेब, मी सोतः आनून सोडतो पोरीला," हरेश म्हणाला. "तासाभराचा परश्न हाय. घागर भरल, परत आनीन."

"नको सर. एकदा सवलत दिली की संपलं. तुमच्याकडे असं मधेच कुणी जातं का?"

"जातात की. आमच्याकरं तर कोन अडवतच नाय. जो बोलल मला जायाचं, त्याला चहा पाजतात नि गाडीत बसवतात. शिवी नाय, टोमना नाय. जे ऱ्हातात ते आपल्या मनानं ऱ्हातात, साहेब. दुसऱ्यानं बांधून ठेवलेला मानूस तिथं काय कामाचा?"

इतक्या वर्षांत इतके व्हिडिओ बघूनही अविनाशला ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल तर त्यानं व्हिडिओ पुढे सरकवला असेल.  तो म्हणाला, "ते मोठ्या माणसांचं झालं, सर. ती राहील. मी बाप आहे तिचा."

"पोर तुमची हाय," हरेश म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुयाचा फोन. घागर आणलीय, वाळा भिजत घातलाय, आभाला घेऊन कधी येताय? अविनाश दाढी करत होता. त्यानं एका दमात सांगून टाकलं की आभाच नको म्हणाली, शिबिरात चांगली रमलीय, मीही फार आग्रह केला नाही.  "तीच म्हणाली होती हो भाऊजी, की घागर मीच भरणार," अनुया एवढंच बोलली. अविनाश म्हणाला, मुलं आहेत, मन बदलतं. आणि राहिलेली दाढी पुरी केली.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. अविनाश खास तयारीनं गेला. पनवेलच्या बाजारातून त्यानं हिरव्या रंगाचा टी-शर्ट आणला होता. छातीवर कमांडोंचं चिन्ह, पंख असलेला खंजीर. हरेशनं हात मिळवताना त्या चिन्हाकडे पाहिलं. "कापड जाड हाय, साहेब. गरम होत आसल," इतकंच म्हणाला आणि दुसऱ्या पालकांकडे वळला. अविनाशला वाटलं, सरांच्या लक्षात आलं, आपण त्यांच्यातले आहोत.

मुलांनी कवायत केली, ती दोरावर चढली, जाळीखालून सरपटली. आभा सगळ्यांत पुढे. तिचे कोपर सोललेले होते, चेहरा रापला होता, आणि चेहऱ्यावर काहीही नव्हतं. सर्वोत्कृष्ट शिबिरार्थी म्हणून तिचंच नाव पुकारलं. पदक वडिलांच्या हस्ते द्यायचं ठरलं, आणि निवेदन करणाऱ्या एका पालकानं माइक पुढे करून दोन शब्द बोला म्हटलं.

दोन शब्दांवर आपल्याकडे कोण थांबतं? अविनाशनं आधी कमांडोंबद्दल सांगितलं. त्यांची उपासमार, त्यांची जागरणं, बर्फ, वाळवंट. हरेश बाजूला पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा होता. मग अविनाश म्हणाला, "ही माझी मुलगी. हिची आई गेली त्या दिवशी ही रडली नाही. त्यानंतरही आजवर एकदाही रडली नाही. परवा हिला घरी यायचा मोह झाला होता, पण माझ्या एका शब्दावर मागे फिरली. अशा मुली घडवायला हव्यात."

टाळ्या पडल्या. एक बाई डोळे पुसत होत्या. आभानं पदक गळ्यात घालून घेतलं, टाचा जुळवल्या आणि बापाला कडक सॅल्यूट ठोकला. "थँक यू, सर," ती म्हणाली. लोक पुन्हा टाळ्या वाजवायला लागले. अविनाशनं हसत तिला जवळ ओढायला हात पुढे केला, तर ती वळून रांगेत जाऊन उभीसुद्धा राहिली होती.

चहाच्या वेळी अंकितानं त्याला चुलीमागच्या पडवीत बोलावलं. तिनं टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ती जे बोलली ते हळू आवाजात बोलली.

शिबिरात नियम होता की पाण्याची बाटली कायम स्वतःजवळ बाळगायची. जो ती हरवेल त्यानं मैदानाला फेऱ्या मारायच्या. अक्षय तृतीयेच्या सकाळी मुलांना नदीकाठानं चालायला नेलं होतं. परत आली तेव्हा आभाकडे बाटली नव्हती. हरेशनं विचारलं, तर हरवली म्हणाली. त्यानं ऊन उतरल्यावर तिला पळायला लावलं. ती पळाली. दुसऱ्या मुलींनी पाणी पुढे केलं तर घेतलं नाही. त्याआधी दुपारी जेवतानाही तिनं पेला तोंडाला लावल्यासारखा केला आणि भरलेलाच ठेवला, हे कुणाला कळलं नाही. संध्याकाळी तिला भोवळ आली. अंकितानं तिला आत नेऊन निजवलं, लिंबूपाणी दिलं, तर तेही घेईना. खूप विचारल्यावर सांगितलं. बाटली हरवली नव्हती. नदीकाठी एका उंबराखाली ती आईसाठी ठेवून आली होती. नदीत म्हणे पाणीच नव्हतं, नुसती डबकी, आणि डबक्यातलं पाणी आईला कसं द्यायचं? शिवाय आईचं पिऊन होईपर्यंत आपण प्यायचं नाही, असंही तिनं ठरवलं होतं. आईला हळूहळू प्यावं लागतं. सूर्य बुडेपर्यंत वेळ लागेल, असा तिचा हिशेब होता.

"दिवस बुडाला तवा पानी प्याली," अंकिता म्हणाली. "मला शपथ घातली, सरांना सांगू नको. मी त्यांना आज सकाली सांगितलं. तुमी माइकवर बोललात, पोर रडत नाय. माझ्या मांडीवर रडली ती. पदर पिलून काढला मी."

अविनाशच्या हातात आभाचं प्रशस्तिपत्र होतं. ते त्यानं नकळत छातीवर धरलं, पंख आणि खंजीर झाकतील असं. बाहेर कुणीतरी त्याच्या भाषणाची तारीफ करत होतं, ते त्याला ऐकू येत होतं. हरेश पडवीत आला. तो अविनाशकडे न बघता म्हणाला, "मला ठाव आसतं तर पलवली नसती मी तिला. माझीबी चूक हाय. पोरगी खोटं बोलते हे कललं होतं मला. कशापायी, ते इचारायला होवं होतं."

तो कमांडो आपली चूक सांगत होता. आपण माफी कुणाची मागायची, हेच अविनाशला कळेना. त्यानं मान हलवली आणि चहा न घेता निघाला.

गाडीत आभा मागे बसली. गाडी नेऱ्याच्या रस्त्याला लागली. मग त्यानं विचारलं, "ते उंबराचं झाड कुठे आहे?"

आभा आरशात त्याच्याकडे बघत राहिली. "अंकिताताईनं सांगितलं का?"

"हो. मला दाखवशील? आपण जाऊ तिथे."

"नको."

"का गं?"

"तिथे तू बोलशील," आभा म्हणाली.

त्यानं गाडी कडेला घेतली. मागून येणारा डंपर कर्कश्श हॉर्न वाजवत पुढे गेला. अविनाशला वाटलं होतं, पडवीत जे ऐकलं त्यापेक्षा वाईट काही उरलेलं नाही. आता त्याला कळलं की उरलं होतं. ज्या मुलीनं आईसाठी दिवसभर घसा कोरडा ठेवला, तिला बाप त्या जागी नको होता, कारण तो तिथेही भाषण करील.

"नाही बोलणार," तो म्हणाला. "मी गाडीपाशीच थांबतो. तू एकटी जाऊन ये."

तिनं थोडा विचार केला आणि रस्ता सांगितला. पूल ओलांडून डावीकडे कच्ची वाट होती. तिथे गाडी थांबल्यावर गाडीतली पाण्याची बाटली घेऊन ती उतरली आणि शेताच्या बांधावरून खाली गेली. अविनाश गाडीला टेकून उभा राहिला. उंबर दिसत होता, खाली आभा दिसत नव्हती. तिला हाक मारावी असं दोनदा मनात आलं, मारली नाही. रमा तोंड उघडून चमच्याची वाट बघायची, ते त्याला आठवलं. त्या वेळी तो पलीकडच्या खोलीत कमांडो बघत असायचा. पाणी पाजण्याचं काम त्यानं पोरीवर टाकलं होतं आणि त्याला तिची तयारी असं नाव दिलं होतं.

वाटेनं शेतघरांवर आलेल्या लोकांच्या गाड्या जात होत्या. त्यांच्यादेखत, तो टी-शर्ट घातलेला माणूस तोंड दाबून रडत होता. दाबूनही आवाज येत होता.

आभा वर आली ती त्याला बघून थबकली. "काय झालं?"

"काही नाही," सवयीनं तो म्हणून गेला. मग म्हणाला, "तुझी आई आठवली."

"मला रोज आठवते," आभा म्हणाली. ते तिनं तक्रार म्हणून म्हटलं नाही, नुसतं सांगितलं. ती त्याच्या जवळ आली नाही, दूरही गेली नाही. हातातल्या रिकाम्या बाटलीचं झाकण लावत उभी राहिली. ती आधीची बाटली कुणीतरी नेली होती, पण झाडाखालची जागा तिला सापडली होती.

मग तिनं विचारलं, "मावशीनं घागर भरली?"

"भरली."

"मी का आले नाही म्हणून तिला काय सांगितलंस?"

अविनाशला खोटं बोलता आलं असतं. त्याला त्याचा सराव होता. पण पोरीचे डोळे त्याच्यावर होते, आणि ती अनुयाला कधी ना कधी विचारणारच होती.

"तूच नको म्हणालीस असं सांगितलं," तो म्हणाला.

आभा ओरडली नाही. तिचा चेहरा हळूहळू लाल होत गेला आणि वर्षभरात पहिल्यांदा ती बापासमोर रडली. अविनाश पुढे झाला तर तिनं हातानं त्याला अडवलं. तो अडला. ती उभ्याउभ्या रडत राहिली आणि तो तसाच, हातभर अंतरावर, खाली मान घालून उभा राहिला. थांब म्हणाला नाही.

बऱ्याच वेळानं तिनं बाहीनं नाक पुसलं. "मावशीला वाटलं असेल मी आईला विसरले," ती म्हणाली. "आत्ता फोन कर तिला. माझ्यासमोर."

"घरी गेल्यावर करतो की. तिथे नीट..."

"आत्ता."

त्यानं खिशातून फोन काढला. नाव सापडायला वेळ लागला. आभानं सांगितलं, स्पीकरवर ठेव. त्यानं ठेवला. घंटा वाजत राहिली, आणि अनुयानं उचलू नये असं मनातून त्याला वाटत असतानाच तिचा आवाज आला, "बोला भाऊजी. आली का आभा घरी?"

"अनुया," तो म्हणाला.  मुलीकडे बघायचं धैर्य झालं नाही, म्हणून तो खाली वाटेकडे बघत बोलला. "आभा त्या दिवशी यायचं म्हणत होती. मी येऊ दिलं नाही. आणि तुला खोटं सांगितलं."